चढावरचं कुत्रं

लोकांना वाटतं तो आवाज भीतीचा.
टक्, टक्, टक्,
गाडी चढ चढताना पोटाखालून येणारा.
कुणी जोतिबाला हाक मारतं, कुणी शेजाऱ्याचा दंड धरतं.
मी खाली पॅनलपाशी उभा,
दात मोजत.

उद्यमनगरात त्याला कुत्रं म्हणतात.
पोलादी, वीतभर, एका पिनेवर झुलणारं.
गाडी पुढं गेली की दातावरनं उडी मारतं,
मागं सरली की चावतं.
एका दातापासनं दुसरा दात अडीच इंच.
"साखळी तुटू दे, मोटर जळू दे,
माणूस अडीच इंच पडंल. त्याच्या खाली न्हाई,"
यासीन मिस्त्री म्हणाले होते,
भट्टीसमोर घाम पुसत,
जणू कुणाला शब्द देत होते.

नकाशा आला त्यात चढ होता,
सत्तावीस अंशाचा, नव्वद फूट उंच,
उतार होता, वळणं होती,
डब्यांचे रंगसुद्धा ठरले होते.
जिना नव्हता.
मिस्त्रींनी कागद पालथा केला,
कानावरची पेन्सिल काढली.
"चढवायचं कुणालाबी सुचतं.
अडकलं तर उतरवायचं कसं, ते आधी काढ.
मग त्याच्या शेजारी तुझा रूळ टाक."
मालक म्हणाले, अडीच फूट रुंदी कशाला, दीडात भागतंय की.
मिस्त्रींनी फक्कीच्या दोन रेघा ओढल्या, दीड फुटावर,
आणि मालकांना त्यातनं चालायला लावलं,
कडेवर वॉचमनचं पोर देऊन.
अडीच झालं.
चहा मात्र त्या दिवशी आला नाही.

यात्रेनंतरचा रविवार. चार वाजायला वीस कमी.
लाईट गेली.
पाळणा थांबला, रसाचा घाणा थांबला,
आणि सत्तर फुटांवर सोळा माणसं
आभाळाकडं तोंड करून राहिली.
कुत्रं भुंकायचं थांबलं होतं.
म्हणजे त्यानं धरलं होतं.

पहिली किल्ली. काढली, खिशात घातली, पॅनलला कुलूप.
मग जिना.
पुढं वैजंता अस्वले, मागं मी,
पट्ट्याचा हूक कठड्याच्या दोरीवर सरकवत.
खालच्या रांगेपासनं सुरुवात. एका वेळी एकच दांडी,
बाकीच्या बंद.
"हात कठड्याला. खाली बघू नका.
वैजंताच्या पाठीवरचा नंबर वाचत उतरा."
दोन पोरी हसत होत्या, हसू थांबेना, मग रडल्या.
इचलकरंजीचा एक मागवाला म्हणाला,
माग बंद पडला की आमच्यात असंच कानात वाजतंय.

सगळ्यात पुढं पंडितराव शिपुगडे,
साखर कारखान्यात काट्यावर वजनं घेणारे.
दांडीला दोन्ही हातांनी मिठी.
"उघडू नको. हिनंच धरलंय मला."
पंधरा माणसं खाली पोचली होती.
पंचगंगेच्या वळणावर कुणीतरी घोंगडी वाळत घातलेली,
एवढीएवढीशी.
मी बॅटरी लावली, रुळाच्या फटीत धरली.
काळं ग्रीस. एक दात.
त्यात रुतलेलं तोंड.
ते वाकून बघत राहिले, काट्यावरची सुई बघावी तसे.
"एवढंच?"
"एवढंच."
"कुणी केलं?"
मी शहराकडं बोट केलं. पत्रे चमकत होते,
त्यातला कुठला मिस्त्रींचा, मलाही नेमकं दिसलं नाही.
मिस्त्री गेल्या श्रावणात गेले, हे सांगितलं नाही.
शिपुगडे म्हणाले, "उघड."

शेवटच्या पायरीवर आम्ही असतानाच लाईट आली.
पाळणा फिरला, घाणा घरघरला,
कुणीतरी शिट्टी मारली.
मालक लांबनंच ओरडले, "चालू कर की आता!"
मी माणसं मोजली. सोळा.
पुन्हा मोजली.
शिपुगड्यांचा एक पाय अनवाणी होता.
चप्पल वर राहिली होती, पहिल्या डब्यात.

खिशावर हात ठेवून बघितला, किल्ली होती,
आणि जिना चढायला लागलो.